बाज उचलणारे चौघे
दारू सोडू पाहणाऱ्या भावंडांना सभेपर्यंत सोबत कशी करावी

अभ्यासपाठ
वाचन: मार्क २:१–१२, गलतीकरांस पत्र ६:१–५, याकोब ५:१३–१६



कफर्णहूमातल्या त्या घराची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून ते छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात. प्रभू येशूने त्या माणसाला क्षमा केली व बरे केले, हा कथेचा गाभा आहेच. या पाठात मात्र आपण त्या चौघांकडे पाहणार आहोत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव लिहिलेले नाही. त्यांनी आजाऱ्याला उपदेश केल्याचे किंवा त्याच्याकडून काही कबूल करून घेतल्याचे मार्क सांगत नाही. त्यांनी त्याला उचलले आणि जिथे न्यायचे तिथे पोहोचवले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क म्हणतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्यांची वाट अडवणारी गर्दी वाईट लोकांची नव्हती. ते सगळे वचन ऐकायलाच आले होते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवर आपले शाळेचे, वसतिगृहाचे आणि आरोग्याचे काम चालते. मुलगा शाळेत का येत नाही, बाळाचे वजन का वाढत नाही, ऊसतोडीची उचल कुठे गेली, असे काहीही विचारायला घरात शिरले की थोड्या वेळाने दारूचा विषय निघतोच. म्हणून या अंकात दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या सभांविषयी लिहिते. त्या शोधायच्या कशा, तिथे काय होते, आणि आपल्यापैकी कोणाला बाज उचलायची वेळ आली तर कसे वागायचे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

१. शपथ का पुरत नाही

आपल्या मंडळ्यांत दारू सोडवण्याची एक ठरलेली रीत आहे. संजीवन सभेच्या शेवटच्या रात्री आवाहन होते, माणूस पुढे येतो, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि सगळ्या मंडळीसमोर तो शपथ घेतो. अशा रीतीने कायमची सोडलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी देवाचे आभार मानते. पण न टिकलेल्या शपथा त्याहून पुष्कळ आहेत.

एका बंधूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा रीतीने सांगते. पाच वर्षांत त्यांनी तीन वेळा शपथ घेतली. पहिली होळीपर्यंत टिकली. दुसरी मुकादमाची उचल हातात पडेपर्यंत. तिसरी अकरा दिवस. त्यानंतर ते उपासनेला यायचेच बंद झाले, प्यालेले नसले तरी. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ताई, देवाला एक वेळ तोंड दाखवीन, पण सभासदांना कसं दाखवू?"

दारू सुटावी म्हणून घेतलेल्या शपथेने त्यांची मंडळी सुटली. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःविषयी जे लिहितो ते दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जे करायचे नाही तेच हातून होते, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यात इच्छा असते, पण इच्छेचा ताबा सुटलेला असतो. शपथ एका दिवशी घेतली जाते आणि तल्लफ रोज संध्याकाळी येते. तेव्हा रोज संध्याकाळी पुरेल असे काहीतरी हाताशी लागते.

आपल्या भागाला हे अगदीच नवे नाही. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यात गुला महाराजांनी दारू सोडण्याचा संदेश दिला, तेव्हा हजारो भिल्ल बांधव आरतीसाठी एकत्र जमत आणि 'आप की जय' म्हणून एकमेकांना भेटत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात आदिवासी स्त्रियांनी जमून गावोगावी दारूची मडकी फोडली. दोन्ही वेळी लोकांनी एकट्याने नव्हे, जमून पाऊल उचलले. दारू सोडणे ही बाहेरून कोणी आणून दिलेली शिकवण आहे, असा सूर आपल्या बोलण्यात येऊ नये.

२. ही सभा आली कुठून

आज जगभर भरणाऱ्या या सभांचे नाव 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी. सगळे त्याला ए. ए. म्हणतात. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन या शहरात झाली. मंडळीच्या लोकांनी ती मुद्दाम वाचावी अशी आहे.

न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन दारूने सर्वस्व गमावून बसले होते. दारू सोडून त्यांना पाचएक महिने झाले होते. मे महिन्यात एका व्यवहारासाठी ते ॲक्रनला गेले, व्यवहार फसला, आणि परक्या गावी, हॉटेलात, एका बाजूला दारूचा बार अशा जागी ते एकटे उभे राहिले. तिथल्या भिंतीवर गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्यांनी एका पाळकाला फोन केला. पैसे किंवा प्रार्थना त्यांनी मागितली नाही. आपल्यासारखाच दारूने गांजलेला एखादा माणूस मला भेटवून द्या, अशी त्यांची विनंती होती. आपण बोललो नाही तर आज पिणार, हे त्यांना कळले होते. वॉल्टर टंक्स या पाळकांनी काही नावे दिली. त्यातून हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाई भेटल्या, आणि त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांशी गाठ पडली. पंधरा मिनिटे बसतो म्हणून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले.

दारूविषयी डॉक्टरांना माहीत नव्हते असे काही बिलने सांगितले नव्हते. पण सांगणारा स्वतः त्यातून जात होता. त्यानंतरही डॉ. बॉब एकदा घसरले. १० जून १९३५ या दिवशी त्यांनी शेवटची दारू घेतली, आणि तोच दिवस ए. ए. आपला स्थापनेचा दिवस मानते. सुरुवातीचे हे लोक ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जात. याकोबाचे पत्र, डोंगरावरील प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय त्यांच्या नेहमीच्या वाचनात असे. पुढे ते त्या चळवळीपासून वेगळे झाले, कारण कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाही धर्म न मानणाऱ्या माणसालाही दार उघडे राहावे, अशी त्यांची इच्छा होती. १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक आले, त्यात बारा पायऱ्या होत्या. भारतात हे काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि त्याचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे.

या कथेत त्या पाळकांनी काय केले, ते लक्षात ठेवू या. त्यांनी माणूस सुधारला नाही. कोणाकडे पाठवायचे ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी फोन ठेवून दिला नाही.

३. सभेत काय होते

वर सांगितलेल्या बंधूंबरोबर मी पहिल्यांदा जिल्ह्याच्या गावी सभेला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीही सोबत होत्या. शाळेचा एक वर्ग, अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला बारा पायऱ्यांचा तक्ता आणि चहाचा थर्मास. अकरा माणसे होती. एक रिक्षा चालवणारे, एक निवृत्त शिक्षक, एक शेतकरी. कोणी नाव लिहून घेतले नाही, पत्ता किंवा जात विचारली नाही. फी नाही.

एक जण सभा चालवतो. तो दर वेळी वेगळा असू शकतो. एखादा उतारा वाचतात. मग ज्याला बोलायचे तो आपले पहिले नाव सांगून, आपण मद्यपी आहोत असे म्हणून, पाचसात मिनिटे बोलतो. दारूने काय केले, काय घडले, आज कसे आहे. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, खोडून काढत नाही. ज्याला बोलायचे नसेल तो नुसता बसतो. शेवटी एक झोळी फिरते, त्यात सभासद जमेल ते टाकतात, त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो. मग सगळे उभे राहून शांतीची प्रार्थना म्हणतात. राइनहोल्ड नीबुर या अमेरिकन ईश्वरविज्ञान्यांच्या नावे ओळखली जाते तीच ही प्रार्थना. कोणाला एक वर्ष झाले असेल तर त्याचा वाढदिवस करतात, जन्मतारखेचा नव्हे, दारू सोडल्याचा.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेला घरचे, मित्र, पाळक, कार्यकर्ते असे कोणीही बसू शकते. बंद सभा फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. तिथे आपण बाहेर थांबायचे. मी पुढे अनेकदा एस. टी. स्टँडवर बसून वाट पाहिली आहे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असावी लागत नाही.

त्या दिवशी आमचे बंधू काही बोलले नाहीत. त्यांची मराठी बाजारापुरती, बाकी सगळे मावचीत. परतीच्या गाडीत त्यांनी एवढेच सांगितले, "ताई, तिथे मला कोणी शिकवलं नाही. सगळे आपापलं सांगत होते. पण ते माझंच होतं." तिसऱ्या सभेत ते चार वाक्ये बोलले, मावचीतच. कोणी हरकत घेतली नाही.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असा की, बारा पायऱ्यांत देवाचे नाव आहे, पण 'आपल्याला जसा समजला तसा देव' असे म्हटले आहे. मग विश्वासणाऱ्याने तिथे जावे का? माझे उत्तर असे. आपण आपला प्रभू कोण ते जाणतो आणि सभेत ते मनात ठेवायला कोणी मनाई करत नाही. पाचव्या पायरीत देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे आपल्या चुका कबूल करायच्या असतात. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करण्याविषयी आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्याविषयी लिहिले आहे. आपल्या किती उपासनांत हे प्रत्यक्ष घडते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत नेले तेव्हा उतारशाळेच्या मालकाचा धर्म विचारल्याचे लूक सांगत नाही.

४. आधी दवाखाना

सभेच्या आधीची एक पायरी प्रत्येक मंडळीला माहीत असलीच पाहिजे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जिवाला धोका असतो. हात थरथरणे, घाम, झोप उडणे यापासून सुरुवात होते. एकदोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेले किडे, साप, माणसे त्याला दिसतात. पाड्यावर याला बाहेरची बाधा समजतात. काही मंडळ्यांतही हे दुष्टात्म्याचे काम समजून रात्रभर प्रार्थना चालते. प्रार्थना जरूर करा, पण त्याला गाडीत बसवून, दवाखान्याच्या वाटेवर करा. यावर औषध आहे, बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि योग्य वेळी उपचार झाले तर माणूस काही दिवसांत सावरतो. म्हणून रोज पिणाऱ्याला 'आजपासून एक थेंबही नाही' असे सांगण्यापूर्वी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवा.

व्यसनमुक्ती केंद्र आणि सभा यांतला फरकही समजून घ्यावा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात, जे १९८६ पासून काम करीत आहे, माणूस काही आठवडे राहतो. गडचिरोलीकडे 'सर्च' संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून मुक्तिपथ हे काम चालू आहे. केंद्रातून माणूस घरी येतो तेव्हा तोच पाडा, तीच वाट आणि तेच सोबती त्याची वाट पाहत असतात. पुढची सोबत सभा करते. गरजेप्रमाणे दोन्ही लागतात.

५. सभा कशी शोधावी

पहिले, विचारा कुठे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात सभांची माहिती बहुधा असते. ए. ए.च्या मुंबई कार्यालयाकडून आणि भारतासाठीच्या त्यांच्या संकेतस्थळावरून जवळच्या गटाचा संपर्क मिळतो. नशामुक्तीसाठी केंद्र शासनाचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. मनाचा त्रास, जीव नकोसा होणे अशा वेळी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. शहरांत अनेक सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोल्यांत भरतात, तेव्हा तिथल्या पाळकांना किंवा फादरना विचारले तरी पत्ता लागतो.

दुसरे, निघण्यापूर्वी फोन करा. जागा आणि वेळा बदलतात. दुर्गम गावातून माणूस कष्टाने पोहोचावा आणि वर्गाला कुलूप असावे, याने होणारी निराशा मोठी असते. पाच गोष्टी विचारा: वार कोणता, वेळ काय, सभा खुली की बंद, कोणती भाषा चालते, आणि स्टँडपासून किती अंतर.

तिसरे, पहिल्यांदा एकटे पाठवू नका. दारापर्यंत येऊन परत फिरणारे खूप असतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका चौतीस वर्षांच्या भावाला पुरले. पोटात पाणी झाले होते. ते एकदा सभेच्या दारापर्यंत आले होते, आत ओळखीचा आवाज ऐकू आला आणि लाजेने मागे फिरले. त्यानंतर आम्ही बोलावले तरी आले नाहीत. बाजेचे चारही कोने धरलेले असतानाही सगळेच छपरापर्यंत पोहोचत नाहीत, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरी दारातून आतपर्यंतच्या त्या चार पावलांना सोबत लागते, हे मी त्यानंतर प्रत्येक कार्यकर्त्याला सांगते.

चौथे, एका सभेवरून ठरवू नका. निदान तीन-चार वेळा जा. जमल्यास दुसरा गटही पाहा. आणि तिथल्या एखाद्या जुन्या सभासदाचा फोन नंबर घेऊन या. ते आनंदाने देतात, कारण नव्याला मदत करण्यानेच त्यांची स्वतःची दारू दूर राहते.

६. पाड्यावरच्या अडचणी

शहरात नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद सभा करायला सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे कसे जमावे? सभा संध्याकाळी सातला, शेवटची एस. टी. साडेसहाला. आमच्याकडे यातून काही वाटा निघाल्या आहेत.

एक म्हणजे बाजाराचा दिवस. त्या दिवशी माणूस तालुक्याच्या गावी येतोच, आणि बहुतेकांची दारूही त्याच दिवशी जास्त होते. आमच्या तालुक्याच्या गावी आता बाजाराच्या दिवशी दुपारी सभा भरते. ती आम्ही सुरू केलेली नाही, आणि करूही शकलो नसतो. मद्यपींची सभा मद्यपीच सुरू करतात. दारू सोडलेले दोघे जण जिल्ह्याच्या गटातल्या जुन्या सभासदांना घेऊन आले, आणि एकमेकांना आधार देण्यासाठी दोघे बसले तरी सभा होते.

दुसरी वाट फोनची. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवर भरणाऱ्या सभा वाढल्या. जिथे नेटवर्क टेकडीवर चढल्यावरच मिळते तिथे पूर्ण सभा ऐकणे कठीण, पण जुन्या सभासदाला रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा फोन करणे जमते. आमचे बंधू गाई बांधायच्या आधी तो फोन करतात.

तिसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि घाटाकडे जातात. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून तिथे दारू मिळत नाही, असे समजू नका. निघण्यापूर्वी त्या भागातल्या गटाचा नंबर शोधून हातात द्यावा, आणि इथला रोजचा फोन चालूच ठेवावा. मग होळी येते, त्याच सुमारास मोहाची फुले पडू लागतात. पाड्यावर देवाला, पूर्वजांना दारूची धार देण्याची जुनी चाल आहे. त्या चालीची थट्टा न करता एवढेच म्हणावे की, तू तिथे असलास तरी तुझ्या हातात पेला असण्याची गरज नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात आमची सभा दोनदा भरते.

चौथी गोष्ट अनामिकतेची. चाळीस घरांच्या पाड्यात कोण अनामिक राहणार? म्हणून कधीकधी दूरच्या गावची सभाच बरी पडते. वाचता न येणे ही मात्र अडचण नाही. तिथे ऐकायचे असते.

आमचे बंधू त्या वर्षी होळीला घसरले. पुढच्या बाजाराला सभेत आले आणि तसे सांगितले. कोणी 'शपथ मोडली' म्हटले नाही. 'परत आलात, बरे झाले' म्हणाले. हे लिहिताना त्यांना चौदा महिने झाले आहेत. विचारले तर ते महिने सांगत नाहीत. "आजचा दिवस," एवढेच म्हणतात.

७. घरच्यांसाठी

पिणाऱ्याच्या घरी सगळ्यांचे जगणे त्याच्या दारूभोवती फिरते. बायको पैसे लपवते, मुकादमाशी खोटे बोलते, मुले बापाच्या पावलांचा आवाज ओळखतात. अशा कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी एका मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये त्या सुरू केल्या. तिथे 'त्याला कसे सोडवायचे' यावर बोलणे नसते, स्वतः कसे सावरायचे यावर असते. तो सभेला गेला नाही तरी ती जाऊ शकते. आपल्याकडच्या भगिनींना हे मोठे समाधान वाटते, कारण 'तू नीट वागलीस तर तो सोडेल' हे त्यांनी सगळीकडे ऐकलेले असते. मारहाण होत असेल तर मात्र सभेची वाट पाहू नका. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या.

स्त्रियाही पितात, आणि त्यांची लाज दुप्पट असते. त्यांच्यासाठी सोबतीला भगिनीच हवी.

८. मंडळीने काय करावे, काय टाळावे

ए. ए.चे गट बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत, आपला खर्च आपण भागवतात. या पत्रिकेच्या दानशूर वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. आपल्या जुन्या सामानाच्या खोलीत बाजाराच्या दिवशीची सभा भरते, तर गट महिन्याला पन्नास रुपये भाडे देतो आणि पावती मागून घेतो. आम्ही नको म्हटले तेव्हा त्यांचे खजिनदार म्हणाले, "फुकटची दारू पुष्कळ प्यालो, आता खोली फुकट नको." तेव्हा तुमचे दान दवाखान्याच्या गाडीसाठी, औषधांसाठी, पहिल्या तीन फेऱ्यांच्या तिकिटासाठी उपयोगी पडेल. चौथ्या वेळी तिकीट त्याचे त्याने काढावे.

प्रभुभोजनात आंबवलेला द्राक्षारस वापरत असाल तर साधा रस ठेवा. एका माणसासाठी बदल केला असे जाहीर करू नका, नुसता करा.

दारू सोडून दोन-तीन महिने झालेल्या माणसाला साक्ष द्यायला व्यासपीठावर बोलावू नका. आपल्याला वाटते देवाचे गौरव होईल. त्याला वाटते आता घसरलो तर सगळे बघणार. या लेखासोबत एकही छायाचित्र नाही, ते त्याचसाठी.

सभेच्या दारात पत्रके वाटू नका. तिथे आप धर्माचे, हिंदू, मुसलमान, सगळे बांधव येतात. ही मिशनची धर्मसभा आहे असे एकदा पसरले तर उद्या ज्याचा जीव वाचला असता तो दारातूनच फिरेल. त्या चौघांप्रमाणे आपण छप्पर उघडायचे की दारात गर्दी करायची, हे इथे ठरते.

आणि तो घसरला तर गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचे पहिले वचन उघडून वाचा. सौम्यतेने सावरावे, स्वतःकडेही लक्ष ठेवावे, असे तिथे सांगितले आहे. त्याला एकच प्रश्न विचारावा, "पुढची सभा कधी आहे?"

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतून दारूमुळे कोण कोण यायचे बंद झाले? त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते?
२. मार्क २ मधील गर्दीसारखी आपण कोणाची वाट अडवतो का? कोणत्या बोलण्याने?
३. आपल्या गावापासून सर्वांत जवळची सभा कुठे, कोणत्या वारी भरते? पुढच्या महिन्यापर्यंत हे शोधण्याची जबाबदारी कोण घेईल?
४. शपथ घेणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोण भेटेल?

प्रार्थनेचे विषय

येत्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. बाजाराच्या दिवशी सभेला येणाऱ्या आणि दारातून परत जाणाऱ्या बांधवांसाठी. गेल्या पावसाळ्यात पतीला गमावलेल्या आमच्या भगिनीसाठी आणि तिच्या दोन लेकरांसाठी. आणि ज्यांच्या दारावर उद्या रात्री कोणी थाप देईल त्या सर्व पाळकांसाठी, की त्यांच्याजवळ त्या वेळी द्यायला एक फोन नंबर असावा.